औषध संपलं, विषाणू गेला. पण लिव्हरचं काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली एक ताई गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्त तपासलं आणि तिला सांगण्यात आलं, "तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे." ताई म्हणाली, "ती तर दोन वर्षांपूर्वीच बरी झाली. तीन महिने गोळ्या खाल्ल्या मी." तिचं कोणी ऐकून घेतलं नाही. बेडच्या डोक्याशी कागद चिकटवला, ऑपरेशन पुढे ढकललं. ताई घरी परतली. घरी सुनेने घाबरून तिचं ताट, पेला वेगळा काढला. नातवाला तिच्याजवळ झोपू देईना.

वेगळ्या ताटाचा अर्थ आपल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको. ताई आमच्याकडे आली तेव्हा आजारापेक्षा त्या ताटाचं दुःख मोठं होतं.

तिची फाइल आम्ही उघडली. त्यात दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट होता, "एचसीव्ही आरएनए नॉट डिटेक्टेड". म्हणजे रक्तात विषाणू सापडला नाही. ताई खरोखरच बरी झालेली होती. पण तो कागद किती मोलाचा आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि दवाखान्यात तो कोणी मागितला नव्हता.

त्याच गल्लीतल्या एका रिक्षावाल्या दादाचं उलटं झालं. त्यानेही तीन महिने गोळ्या घेतल्या, त्याचाही विषाणू गेला. "तुम्ही बरे झालात" एवढं वाक्य त्याने लक्षात ठेवलं आणि फाइल माळ्यावर टाकली. "सहा महिन्यांनी सोनोग्राफीला या" हे वाक्य विसरला. दीड वर्षाने एका रात्री त्याला रक्ताची उलटी झाली. शेजाऱ्यांनी वेळेत सरकारी रुग्णालयात नेलं म्हणून तो वाचला. उपचार सुरू होण्याआधीच त्याच्या लिव्हरला सिरॉसिस झालेला होता. विषाणू गेला, पण सिरॉसिस राहिला होता.

दोघांचाही विषाणू गेलेला होता. ताई नसलेल्या आजाराची शिक्षा भोगत होती. दादाला असलेल्या आजाराची खबर नव्हती. हिपॅटायटिस सीच्या गोळ्या संपल्यानंतर काय बघायचं, काय विसरायचं, हे या दोघांच्या निमित्ताने आम्ही सांगणार आहोत.

हा आजार येतो कुठून?

हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा विषाणू आहे. तो १९८९ साली ओळखला गेला. त्याआधी डॉक्टर त्याला "ए नाही, बी नाही" अशी कावीळ म्हणत. आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रक्तपेढीत त्याची तपासणी सक्तीची नव्हती. त्यामुळे १९९० च्या आसपास बाळंतपणात, अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये ज्यांना रक्त चढवलं, त्यातल्या काहींना तो तिथूनच लागला. आमच्या ताईला १९९४ च्या बाळंतपणात दोन बाटल्या रक्त दिलं होतं.

आजही तो पसरतो तो एकाच सिरिंजने अनेकांना दिलेल्या सुईतून, नशेच्या सामायिक सुईतून, नीट न उकळलेल्या अवजारांतून, गोंदवण्याच्या सुईतून आणि कधी वस्तऱ्यातून. डायलिसिसवर असलेल्यांनाही धोका असतो. हवा, पाणी, अन्न, हात मिळवणं, मिठी मारणं, एका ताटात जेवणं यातून तो पसरत नाही.

सुरुवातीला बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. शंभरातल्या साधारण तीस जणांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. बाकीच्यांच्या लिव्हरमध्ये तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. अशा शंभरातल्या पंधरा ते तीस जणांना वीसेक वर्षांत सिरॉसिस होऊ शकतो.

पूर्वी यावर आठवड्याची इंजेक्शनं आणि गोळ्या वर्षभर घ्याव्या लागत. त्रास फार, खर्च मोठा आणि गुण येण्याची खात्री नाही. आता बहुतेकांना बारा आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात. सोफोसबुविर आणि तिच्या जोडीला डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर. शंभरातले पंच्याण्णवहून जास्त रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात "हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे?" असं विचारा.

कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहे असं नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. ऑपरेशनच्या आधी किंवा शिबिरात जी झटपट कार्ड टेस्ट करतात, ती विषाणू शोधत नाही. ती अँटीबॉडी शोधते. विषाणूशी लढताना शरीराने जे सैनिक तयार केले, ते आहेत का, एवढंच ती सांगते. विषाणू मेल्यावरही हे सैनिक रक्तात राहतात, बहुतेक वेळा जन्मभर.

लहानपणी दंडावर बीसीजीची लस टोचली होती, तिचा डाग बघा. टोचलेलं केव्हाच संपलं, पण खूण आहे. कार्ड टेस्ट ही अशी खूण बघणारी टेस्ट आहे. त्यामुळे बरा झालेला माणूस दहा वर्षांनी जरी कार्ड टेस्टला बसला, तरी ती "रिॲक्टिव्ह" येण्याचीच शक्यता जास्त. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

विषाणू आहे की नाही हे सांगणारी टेस्ट वेगळी आहे. तिचं नाव एचसीव्ही आरएनए, म्हणजेच व्हायरल लोड. ही टेस्ट गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी करायची असते. गोळ्या संपल्या त्याच दिवशी केलेल्या टेस्टवर विसंबून चालत नाही, कारण काही थोड्या जणांत विषाणू दबलेला असतो आणि औषध थांबल्यावर पुन्हा डोकं वर काढतो. बारा आठवड्यांनंतरही तो सापडला नाही, तर डॉक्टर "बरा" असं लिहितात. त्यानंतर तो आपोआप परत येणं फार क्वचित घडतं.

आम्ही वस्तीत पाहतो, बरेच जण नेमके याच टेस्टला जात नाहीत. तीन महिने न चुकता गोळ्या घेतात आणि बारा आठवड्यांनी रोजंदारी बुडवून कोण जाणार म्हणून राहून जातं. मग पुढे कधी कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली की हातात दाखवायला कागद नसतो. ती एक दिवसाची मजुरी बुडू द्या, पण ही टेस्ट बुडवू नका.

बारा आठवड्यांनंतर विषाणू सापडलाच तर? हिंमत सोडू नका. दुसऱ्या गोळ्यांचा किंवा जास्त काळाचा उपचार असतो. त्यासाठी मोठ्या केंद्रात पाठवतात. मधल्या गोळ्या चुकल्या होत्या का, दुसरं काही औषध सोबत चालू होतं का, हे डॉक्टरांना खरं सांगा. ॲसिडिटीच्या, फिटच्या आणि टीबीच्या काही गोळ्यांमुळे या औषधाचा जोर कमी होतो.

विषाणू गेला तरी लिव्हरवरचा व्रण

लिव्हर म्हणजे यकृत, उजव्या बाजूला बरगड्यांखाली असलेला साधारण दीड किलोचा अवयव. तो अन्नातून आलेला साठा सांभाळतो, रक्त गोठवणारे घटक बनवतो, औषधं आणि दारूचं विष निकामी करतो. त्याची मोठी ताकद म्हणजे तो स्वतःला दुरुस्त करतो. पण वर्षानुवर्षं सूज राहिली तर दुरुस्तीच्या जागी चिवट व्रण साठत जातात. हे व्रण वाढून सगळं लिव्हर कडक आणि गाठीगाठीचं झालं की त्याला सिरॉसिस म्हणतात.

विषाणू गेला की सूज उतरते. थोडा व्रण असेल तर काही वर्षांत तो बराच भरून येतो. सिरॉसिस झालेल्यांनाही फायदा होतोच, लिव्हर निकामी होण्याचा आणि कॅन्सरचा धोका खूप कमी होतो. पण कमी होतो म्हणजे संपतो असं नाही. कडक लिव्हरमधून रक्त नीट पुढे जात नाही, त्यामुळे अन्ननलिकेच्या शिरा फुगतात. त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते. आमच्या रिक्षावाल्या दादाचं हेच झालं. दुर्बिणीतून त्या शिरांना रबर बांधून रक्त थांबवलं.

म्हणून गोळ्या संपल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचाच, "उपचाराआधी माझ्या लिव्हरला सिरॉसिस होता का?" याचं उत्तर एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि वय यांच्या हिशोबावरून किंवा फायब्रोस्कॅन नावाच्या मशीनवरून मिळतं. उपचाराआधीचे आकडे यासाठी जास्त महत्त्वाचे आहेत. उपचारानंतर आकडे सुधारतात आणि जुना व्रण त्यात लपू शकतो. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील तर लिव्हरची नीट तपासणी झाली आहे का, हे हमखास विचारा.

उत्तर "नाही" असेल, दारू नसेल, साखर आणि वजन आटोक्यात असेल, तर हिपॅटायटिस सीसाठी जन्मभर दवाखान्याचे खेटे घालायची गरज नाही.

उत्तर "हो" असेल तर दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, ती जन्मभर. लिव्हरमध्ये गाठ झाली तर ती लहान असतानाच सापडावी म्हणून. अन्ननलिकेच्या शिरांसाठी दुर्बिणीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. "काही त्रास नाही, मग कशाला जायचं?" असं म्हणू नका. त्रास सुरू होतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

काय खायचं, काय टाळायचं

कावीळ म्हटलं की आपल्याकडे तेल, हळद, डाळ, अंडी सगळं बंद करतात आणि उसाच्या रसावर ठेवतात. सिरॉसिसच्या माणसाला याने नुकसान होतं. त्याचे स्नायू झिजत असतात, त्याला प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासे जे परवडेल ते रोज खा. पोटात पाणी किंवा पायावर सूज असेल तर मीठ कमी करा. पापड, लोणचं, सुकट, खारे बोंबील, फरसाण यात मीठ फार असतं.

निरोगी माणसाचं दोन-तीन दिवस उपाशी राहून जे होतं, ते सिरॉसिसच्या माणसाचं एका रात्रीत होतं. शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. म्हणून झोपण्याआधी थोडं काही खाल्लंच पाहिजे. दूध-भाकरी, केळं, मूठभर फुटाणे चालतील. वर्षावासात आणि पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर भोजन न करणारे आपल्याकडे अनेक ज्येष्ठ उपासक-उपासिका आहेत. त्यांच्यापैकी कोणाला सिरॉसिस असेल तर त्यांनी भन्तेजींना आपला आजार सांगावा आणि रात्रीचं खाणं सोडू नये.

दारूचं आम्ही नव्याने काय सांगणार? विहारात पाचवं शील आपण सगळेच म्हणतो. डॉक्टरी भाषेत एवढंच की विषाणू गेलेल्या लिव्हरला "थोडीशी" दारूसुद्धा पुन्हा व्रणाकडे नेते.

औषधांबाबतही सांभाळा. सिरॉसिस असेल तर अंगदुखीला मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो आणि किडनीही बिघडू शकते. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालते, पण दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या चारपेक्षा जास्त गोळ्या नकोत, आणि त्याही डॉक्टरांना विचारून. टीबीचं औषध सुरू होणार असेल तर लिव्हरचा इतिहास आधी सांगा.

काविळीची माळ गळ्यात घालणं, हातावरून पिवळं पाणी उतरवणं यात फक्त वेळ जातो. पण गावठी काढे आणि भस्मं यांनी लिव्हरला थेट इजा होऊ शकते. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं समजू नका.

पुन्हा लागू नये म्हणून

हिपॅटायटिस सीची लस नाही. एकदा बरं झालं म्हणजे कवच मिळालं असंही नाही. नवीन दूषित रक्त अंगात गेलं तर आजार पुन्हा होतो.

आपल्या वस्त्यांमध्ये रुग्णालयाची सफाई करणारे, कचरा वेचणारे, गटारात उतरणारे कितीतरी जण आहेत. कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचणं त्यांना रोजचं झालं आहे. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडाने चोखू नका. मुकादमाला किंवा सिस्टरला सांगून लगेच नोंद करून घ्या आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा, कारण एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. तुम्ही आधी हिपॅटायटिस सीमधून बरे झालेले असाल तर तसं सांगा. तुमची कार्ड टेस्ट उपयोगाची नाही, आरएनएच करावी लागेल. हिपॅटायटिस बीची लस मात्र आहे. ती घेतली नसेल तर मागून घ्या.

साध्या तापाला "डॉक्टर, एक सुई मारा" हा हट्ट सोडा. सुई गरजेचीच असेल तर नवीन पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगा. न्हाव्याकडे नवीन ब्लेड मागा. घरात दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश ज्याचा त्याने वापरावा. बस, वेगळं एवढंच ठेवायचं. ताट, पेला, अंथरूण, नातवंडांचा पापा यातलं काहीही वेगळं नाही.

घरातल्या बाकीच्यांची एकदा तपासणी जरूर करा. आईला गरोदरपणी हा आजार असेल तर शंभरातल्या पाचेक बाळांना तो लागू शकतो. म्हणून उपचार घेतलेल्या बाईने आपली मुलं तपासून घ्यावीत, ती आता मोठी झालेली असली तरी.

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे रक्तदान शिबिरं होतात. बऱ्याच तरुणांना आपला आजार रक्तपेढीच्या निरोपामुळेच कळतो. असा निरोप आला तर लाजून लपवू नका, आरएनए करून घ्या. हिपॅटायटिस सीमधून बरे झालेल्यांचं रक्त मात्र रक्तपेढी घेत नाही. त्यात अपमान नाही. शिबिराच्या दिवशी त्यांनी दुसरं काम हाती घ्यावं.

या खुणा दिसल्या तर घरी थांबू नका

१. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच.
२. पोट फुगणं, पायावर सूज येणं, पोटात पाण्याबरोबर ताप.
३. डोळे किंवा लघवी पिवळी होणं.
४. दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, हात थरथरणं.

यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जा.

एक फाइल सांभाळा

तीन कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. पहिला, उपचाराआधीचे लिव्हरचे रिपोर्ट. दुसरा, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या त्याचं कार्ड. तिसरा, बारा आठवड्यांनंतरचा आरएनए रिपोर्ट. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ऑपरेशनला भरती होताना कोणी मागण्याआधीच तिसरा कागद दाखवा आणि म्हणा, "माझी कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह येईल. विषाणू गेला आहे, हा रिपोर्ट बघा. शंका असेल तर आरएनए करा."

नर्स म्हणून वॉर्डात काम करत असताना आम्हीही बेडवर असे कागद चिकटवले आहेत. वरून सांगितलं ते केलं, माणसाला विचारलं नाही. त्याची खंत आहे, म्हणून हे लिहितो आहोत. सुईपासूनची काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते. त्यासाठी कोणाच्या डोक्याशी पाटी लावायची गरज नसते.

ताईबरोबर आम्ही पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेलो. फाइल दाखवली. त्यांनी आरएनए परत करायला सांगितलं, तो निगेटिव्ह आला आणि पंधरा दिवसांनी ऑपरेशन झालं. सुनेला आम्ही शेजारी बसवून सगळं समजावलं. तिने वेगळं काढलेलं ताट घासून मांडणीवर सगळ्यांच्या ताटांत ठेवलं. दादा दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला जातो. त्या दिवशी रिक्षा बंद असते, आणि त्याची बायको आदल्या रात्रीच फाइल दाराशी काढून ठेवते.

तुमच्या गल्लीत कोणी या गोळ्या घेतल्या असतील तर त्यांना दोनच गोष्टी विचारा. बारा आठवड्यांनंतरची टेस्ट झाली का? आणि सिरॉसिस होता का? उत्तर माहीत नसेल तर त्यांना घेऊन पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जा.